हरणाचा शिक्का

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही काल मुद्दाम विकत आणली. शेवटची दैनंदिनी लिहिली होती लग्नाआधी, याइझूला माहेरी असताना. टोफूवाल्याच्या घरात पडल्यावर कसली दैनंदिनी! पहाटे तीनला उठायचं, रात्री आठला आडवं व्हायचं. पण आता पोटात एक गोष्ट आहे आणि ती कोणाजवळ बोलायची सोय नाही. कुठेतरी ओकायला हवी.

उद्या मी आणि सासूबाई नाराला निघतोय. तीन रात्री. मला कोणी विचारलं नाही. ऑक्टोबरात एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मला नाराला जायचंय. सुमिए येईल माझ्याबरोबर." झालं. वय शहाऐंशी, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, पण हुकूम सोडायची पद्धत तीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

कारण शिक्क्यांची वही. सासरे गेन्जिरो आणि त्या दरवर्षी नोव्हेंबरात तीन दिवस देवळं करत हिंडायचे. प्रत्येक देवळात हात जोडायचे, मग तिथल्या लिहिणाऱ्याकडून वहीत एक पान लिहून घ्यायचं. काळी शाई, वर लाल शिक्का. अशी वही माणूस गेला की त्याच्याबरोबर पेटीत ठेवून जाळतात, म्हणजे पलीकडे कोणी अडवत नाही. सासरे गेले तेव्हा मी ती वही शोधत होते तर सासूबाईंनी ती छातीशी धरून ठेवलेली. म्हणाल्या, "तीन पानं कोरी आहेत. अर्धवट काम घेऊन जाईल तर लोक काय म्हणतील? मी पुरी करते आणि माझी वेळ आली की घेऊन जाते त्याला." याला नऊ वर्षं झाली.

आता पोटातली गोष्ट. उन्हाळ्यापासून त्या दोनदा दुकानात पडल्या. ओल्या फरशीवर. एकदा गॅस तसाच चालू राहिला. आमच्या ह्यांनी गुपचूप ‘कोहारू निवास’ नावाच्या वृद्धांच्या घरात नाव घातलं आणि गेल्या महिन्यात तिथून कळलं की एक खोली रिकामी झालीय. हो की नाही ते या शुक्रवारी चारपर्यंत कळवायचं. आणि आईला कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? सुमिए!

"तू सांग ना. बायका बायकांचं बरं असतं," हे म्हणाले आणि सोयाबीनच्या पोत्यांकडे बघत राहिले. छप्पन्न वर्षांचा घोडा. टोफूचे साचे उचलतो पण स्वतःच्या आईशी दोन वाक्यं बोलवत नाहीत.

माहितीपत्रक माझ्या पिशवीत आहे. दहा वेळा वाचलं. पलंगावर झोपायचं, जमिनीवर गादी घालायची नाही. रात्रीचं जेवण साडेपाचला. प्रत्येक कपड्यावर नाव शिवून आणायचं. चूल, शेगडी, किटली काही नाही. आठवड्यातून दोनदा आंघोळ. ज्या बाईने साठ वर्षं रोज रात्री सगळ्यात शेवटी आंघोळ केली आणि टबातलं तेच पाणी वापरून न्हाणीघर घासलं, तिला मी हे सांगायचं.

खरं सांगू? मला सुटका हवी आहे. खूप हवी आहे. आणि हे लिहिताना लाज वाटते.

१९ नोव्हेंबर, बुधवार. नारा

पोचलो. इइदाहून नागोयापर्यंत बसने, मग दोन गाड्या. वाटभर आई खिडकीतून लोकांच्या ओसरीवर वाळत घातलेली पर्सिमनची फळं मोजत होत्या. "ह्यांनी साल जाड काढलीय. ह्यांनी तर दोरी नाही, चपलेचा बंद वापरलाय." आमचे पर्सिमन त्यांनी यंदा पंधरा दिवस आधीच सोलून लटकवले. कच्चे आहेत म्हटलं तर म्हणाल्या, "मला वेळ नाही मग." कसला वेळ नाही कोण जाणे.

स्टेशनातून बाहेर पडलो आणि मी आपली पिशव्या सांभाळत चालले होते, तर समोर रस्त्याच्या मधोमध एक हरीण. उभं. गाड्या थांबलेल्या. बस थांबलेली. कोणी भोंगा वाजवत नाही. हरणाने सावकाश रस्ता ओलांडला, पलीकडे जाऊन मागे वळून बघितलं, जसं काही बसला म्हणतंय की चल आता तू. मी एकसष्ट वर्षांची बाई तोंड उघडं टाकून बघत राहिले. आमच्या इइदात हरीण दिसलं तर लोक शेताला तार लावतात.

"तोंड मिट. माशी जाईल," आई म्हणाल्या.

मुक्कामाला मी जपानी पद्धतीची खोली सांगणार होते, स्वच्छ चटईची. पण आईंनी आधीच फोन करून पलंगाची खोली घ्यायला लावली होती. त्या! ज्यांनी मुलाने आणलेला पलंग तीन वर्षांपूर्वी "मी काय दवाखान्यात आहे?" म्हणून परत पाठवला. आल्याबरोबर त्या पलंगावर बसल्या, उठल्या, बसल्या, उठल्या. सहा वेळा. मग पाय वर घेऊन आडव्या झाल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "पडायला होईल असं वाटतं. पण होईल सवय." गुडघ्यांमुळे असणार. जमिनीवरून उठणं जमत नाही आताशा, पण कबूल कोण करणार.

जेवायला बरोबर साडेपाचला बसलो. मला भूक नव्हती. "मला आहे," त्या म्हणाल्या. पर्सिमनच्या पानात बांधलेली सुशी. पान सोडवलं की आत मासळीचा तुकडा, भाताला पानाचा मंद वास लागलेला. मी मासळीवाल्याची मुलगी, मला मासळीचं कौतुक सांगू नये कोणी, पण हे खाऊन मी गप्प झाले. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या लोकांनी मासळीचं काय करून ठेवलंय! आई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "भात जरा कोरडा." आणि सात खाल्ल्या.

सांगितलं नाही अजून. उद्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी इथे चहात शिजवलेली पेज देतात. तपकिरी, पातळ, बरोबर लोणच्याची फोड. आई वाडगं दोन्ही हातांत धरून बसल्या आणि म्हणाल्या, "गेन्जिरोला हे आजाऱ्याचं खाणं वाटायचं. तो बाहेर जाऊन गुपचूप तळलेलं काहीतरी खाऊन यायचा आणि माझ्यासमोर ढेकर द्यायचा." आणि हसल्या. मी चौतीस वर्षांत त्यांना सासऱ्यांवर हसताना इतकं बघितलं नव्हतं. घरी असतात तेव्हा त्या फक्त त्यांच्या फोटोवरची धूळ पुसतात.

मग मोठ्या बुद्धाच्या देवळात गेलो. मला वाटलं होतं मोठा म्हणजे मोठा असेल, चला बघू. आधी दरवाजाच अंगावर येतो. दोन्ही बाजूला ते लाकडाचे राक्षसासारखे रखवालदार, त्यांच्या पिंढऱ्यांच्या शिरासुद्धा ताणलेल्या. मग अंगण, मग ते एवढं छप्पर. आत काळोख, आणि काळोखात डोळे स्थिरावले की वरून तो बघतोय. रागावलेला नाही, हसतही नाही. हात पुढे केलेला. "घाबरू नकोस" म्हणताना पुढे करतात तसा. आता मी काही भाविक बाई नाही. माहेरी देवळात जायचं ते वर्षाच्या पहिल्या दिवशी, आणि तेही तळलेले खेकडे मिळतात म्हणून. पण मला रडूच आलं. शुक्रवारचं आठवलं आणि मनात म्हटलं, बाबा, तुझा हात एवढा मोठा आहे, तूच सांग ना त्यांना.

आई तोपर्यंत एका खांबापाशी पोचल्या होत्या. त्या खांबाला खाली भोक आहे, त्यातून सरपटत पलीकडे गेलं की पुण्य लागतं म्हणतात.

"इथे अडकला होता तो," त्या म्हणाल्या. "अर्धा आत, अर्धा बाहेर. शाळेच्या सहलीच्या चार पोरींनी पाय धरून ओढला. बाहेर आला तर पँट मागे राहिली."

"बाबा? आमचे बाबा?" ज्या माणसाने आयुष्यात दुकानाची पाटी वाकडी लागलेली खपवून घेतली नाही!

"तो बाहेर असाच होता. दुकानात यायचा तेव्हा चेहरा घालून यायचा."

लिहिणाऱ्यांची खिडकी बाजूला. आधी हात जोडले, मग वही दिली. पंचविशीचा मुलगा असेल तो, पण ब्रश टेकवला आणि एका श्वासात तीन अक्षरं उतरली, शेवटचा फराटा कोरडा पडत पडत गेला. वर लाल शिक्का. सासूबाईंनी पानावर टिपकागद ठेवला आणि बाकावर बसून मला वही दाखवली. पहिल्यांदाच. नऊ वर्षांत मी त्या वहीचं फक्त निळं कापडी कव्हर बघितलं होतं. हात लावायला गेलं की झडप घालायच्या.

"हे पान पावसात. हे भांडण झालं होतं तेव्हाचं, बघ, मी वही इतकी जोरात मिटली की शाई पलीकडे उमटली. हा डाग म्हणजे तो शिंकला. हे तू पहिल्यांदा गरोदर होतीस त्या वर्षी. तुझ्यासाठी मागून घेतलं होतं." मग पान उलटून, "सगळं जळायचं म्हणा. शहाण्या लोकांनी रीत काढलीय."

ते मूल राहिलं नव्हतं. त्यांनी कधी एक अक्षर काढलं नव्हतं त्याबद्दल, मला वाटायचं त्यांना काही वाटलंच नाही. एकतीस वर्षं मी मनात त्यांच्यावर तो राग धरून होते.

दुपारी माझ्या हातून गाढवपणा झाला. लिहून ठेवते, निदान वहीला तरी खरं कळू दे. दुसऱ्या पानासाठी डोंगरावरच्या देवळात जायचं होतं. स्टेशनाजवळच्या माहितीकेंद्रात चौकशी केली तर तिथली मुलगी म्हणाली, चारशे पायऱ्या आहेत, आजी. आई स्वतःच्या गुडघ्यांकडे बघून म्हणाल्या, "बरं." एवढंच. ते "बरं" मला ऐकवेना. ज्या बाईने पंचवीस किलोचं पोतं खांद्यावर घेऊन मला "बाजूला हो" म्हटलेलं आहे, तिचं "बरं".

मग त्यांनी वही माझ्या हातात दिली. "धर जरा," म्हणाल्या आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या, माझ्याकडे तोंड करून. काउंटरवर एक रबरी शिक्का होता, शाईच्या पेटीसकट. गोल, मधे गुबगुबीत हरीण, हातात बिस्कीट धरलेलं, खाली ‘नाराला आल्याबद्दल आभार’. पोरं वह्यांवर उठवत होती. मला वाटलं, दोन पानं कोरी राहून त्यांना चुटपुट लागणार. नाराचाच आहे, शिक्काच आहे, एक पान तरी भरेल. मी आईंकडे बघितलं. त्या बघत होत्या. चष्मा नाकावर होता. मी दाबला.

गुलाबी हरीण छान स्वच्छ उठलं. मी नेऊन दाखवलं. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "ठळक आलाय." आणि वही मिटली.

खूश झाल्या की रागावल्या ते कळलं नाही. पण परत येताना रस्त्यात त्यांनी हरणांची बिस्किटं घेतली आणि हरणांनी माना लववून लववून नमस्कार केल्यावरच एकेक दिलं. एका हरणाने नमस्कार न करता तोंड पुढे केलं तर त्याला म्हणाल्या, "योशिहिको! आधी वाकायचं!" ह्यांचं नाव हरणाला! मी पोट धरून हसले. मग आठवलं की योशिहिकोने माझ्यावर काय सोपवलंय, आणि हसू गेलं.

आता त्या खिडकीशी बसून काहीतरी शिवताहेत. त्यांचे कपडे पलंगावर पसरलेत आणि बघते तर काय, बंडी, मोजे, सगळ्याला आतून पांढरी पट्टी, तिच्यावर लाल दोऱ्याने त्यांचं नाव, ‘कितासे हात्सुए’. बालवाडीतल्या मुलासारखं. इथल्या धुलाईत हरवतील म्हणून असेल. म्हातारपण हे असं. मी जवळ गेले तर हातातलं निळं काहीतरी झटकन उशीखाली सारलं आणि म्हणाल्या, "तुझं लिहिणं झालं का? मग आंघोळीला जा."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं आजच व्हायचं होतं.

सकाळी जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांतून गेलो. काळ्या लाकडी जाळ्यांची घरं, प्रत्येकाच्या दाराला लाल कापडी माकडं टांगलेली, संकट घरात येण्याआधी त्या माकडांनी अंगावर घ्यायचं. आईंनी एका दाराशी पाच मोजली. "पाच माणसांचं घर," म्हणाल्या. मोठा पाचमजली मनोरा दुरुस्तीला काढलाय, सगळा झाकलेला. त्याच्याकडे मान वर करून बघत म्हणाल्या, "ह्याचे गुडघे दुखले तर केवढं कापड आणलंय बघ."

मग एक छोटं देऊळ, नाव लिहीत नाही. सुंदर होतं. अंगणात एकच जिन्कोचं झाड आणि खाली सगळी जमीन पिवळी, एक पान झाडलेलं नाही. मुद्दामच झाडत नसावेत. हात जोडले, वही दिली. साठीतले गुरुजी होते. त्यांनी कोरं पान शोधायला वही उघडली आणि ते थांबले. हरीण.

"आजी," ते अगदी हळू म्हणाले, "ही वही देवासमोर लिहिलेल्या पानांची. यात सहलीचा शिक्का आहे. मला यात लिहिता येणार नाही. माफ करा." आणि दोन्ही हातांनी वही परत दिली. वाकून.

आई त्यांच्यापेक्षा खाली वाकल्या. "आपलं बरोबर आहे. तसदी दिली."

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्या वर्षांची वही! त्यांच्या नवऱ्याची वही! त्या ती कोणाला बोटाने शिवू देत नव्हत्या त्याचं कारण हेच, आणि दिली एकदा माझ्या हातात तर मी त्यावर बिस्कीट खाणारं हरीण उठवलं. बाहेर येऊन मी रस्त्यातच माफी मागितली. तीन वेळा. चौथ्यांदा वाकले तर एक हरीण समोर येऊन उभं राहिलं, त्याला वाटलं बिस्कीट मिळणार.

आई हसायला लागल्या. भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, त्यालाच वाकून दाखव. त्यानेच घोळ केलाय."

"पण बाबांना काय देणार तुम्ही? आता ही वही बरोबर कशी नेणार?"

"नाही नेता येणार," त्या म्हणाल्या. "बाटली ना. तिथे दारावरच परत पाठवतील. राहू दे घरी. तू ठेव. त्याला मी तोंडी सांगेन, तसंही तो वाचत नसे काही."

"तुम्हाला ठाऊक होतं का, असा शिक्का चालत नाही ते?"

"मला काय ठाऊक? मी टोफूवाली." आणि चालू लागल्या.

किती समजूतदारपणे घेतलं त्यांनी! मी असते तर सुनेला तिथेच सोलली असती.

तळ्याकाठी बाकावर बसलो. पाण्यात कासवं एकावर एक चढून ऊन खात होती. साडेअकरा वाजले होते. म्हटलं, सुमिए, आता नाही तर कधीच नाही. पिशवीतून पत्रक काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि म्हटलं, "आई, एक सांगायचंय. रागवा, मारा, पण पुरतं ऐकून घ्या. कोहारू निवास म्हणून एक..."

पुढचं वाक्य तोंडात होतं आणि खसकन् आवाज झाला. मघाचंच हरीण, मागून मान घालून त्याने पत्रक ओढलं. मी एका बाजूने ओढतेय, ते दुसऱ्या बाजूने. फाटलं. माझ्या हातात हसऱ्या म्हातारीचा फोटो आणि पत्ता, आणि त्याच्या तोंडात सगळे नियम. आईंनी काठी टाकली, त्याचा जबडा धरला आणि बोटं घालून ओला बोळा बाहेर काढला. "कागद खाऊ नये, पोट दुखतं," असं त्याला रागावल्या. त्या वयात! शाळेची मुलं फोटो काढत होती.

मी रडायला लागले. "दिनक्रमाचं पान गेलं," एवढंच म्हणता आलं मला. जसं काही तेच महत्त्वाचं होतं.

आईंनी रुमालाला हात पुसले, तळ्याकडे तोंड केलं आणि म्हणायला लागल्या, "साडेसहाला उठायचं. सातला नाश्ता. दहाला खुर्चीतला व्यायाम. बाराला जेवण, तीनला चहा. आंघोळ मंगळवारी आणि शुक्रवारी. संध्याकाळचं जेवण साडेपाचला. पलंगच हवा. सगळ्या कपड्यांना नाव. देव्हारा लहान असेल तर चालेल, पण उदबत्ती विजेची."

मी रडायची थांबले. पलंग. साडेपाच. नाव. एकेक डोक्यात उजेड पडत गेला आणि मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"कुठे मिळालं तुम्हाला?"

"योशीने देव्हाऱ्यामागे लपवलं होतं. देव्हाऱ्यामागे! त्या घरात देव्हारा रोज सकाळी कोण पुसतं? लहानपणी नापास झालेला पेपरही तिथेच ठेवायचा. पन्नास वर्षं झाली, अक्कल तिथेच."

"मग... आज चारच्या आत कळवायचंय..."

"मी गेल्या आठवड्यातच कळवलं. हो म्हणून. त्यांना बजावलंय, घरी बोलू नका, शुक्रवारी माझ्या सुनेचा फोन येईल, तो येऊ द्या."

मला इतका राग आला म्हणून सांगू! "एक महिना मी झोपले नाही! पत्रक लपवत हिंडतेय! आणि तुम्ही खुशाल सुशी खाताय!"

"कोण सांगतं ते बघायचं होतं मला. योशी सांगेल असं वाटलं नव्हतंच. पण चिठ्ठी लिहून ठेवाल, नाहीतर त्या लोकांनाच घरी बोलवाल असं वाटलं होतं. तू समोर बसून सांगितलंस. हरणाने अडवलं तरी." मग काठी उचलून घेत म्हणाल्या, "बरं केलंस."

हे त्यांचं दुसरं "बरं".

मी म्हटलं, "जाऊ नका." आता हे कुठून आलं? महिनाभर मला सुटका हवी होती, आणि सुटका समोर बसली तर मी तिचा हात धरून बसले. "मी बघेन तुमचं. फरशीवर रबर टाकू. मी उचलेन तुम्हाला."

"तुझी पाठ बघितलीय आरशात? मला उचलता उचलता एक दिवस तूही पडशील. मग दोघींना कोण उचलेल? योशी? तो तिथेच उभा राहून पोत्यांकडे बघेल."

हे इतकं खरं होतं की आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी माझा हात सोडवून घेतला नाही. बराच वेळ. कासवं घसरून पाण्यात पडत होती आणि पुन्हा चढत होती. दुपारचं ऊन त्या पाण्यावर इतकं सुंदर होतं की मला वाटलं, जगात कोणी घाईत नसावं.

चारला दहा मिनिटं असताना मी कोहारू निवासला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, "कितासेबाईंच्या सूनबाई ना? वाटच बघत होतो."

२२ नोव्हेंबर, शनिवार

निघालो. स्टेशनावर आईंनी शेजाऱ्यांसाठी, दवाखान्यातल्या नर्ससाठी, कोहारू निवासातल्या लोकांसाठी अशी नऊ खोकी मिठाई घेतली. "पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने गेलं की पुढे जन्मभर ऐकावं लागतं." माझ्या लग्नाच्या वेळी माहेरच्यांनी एक खोकं कमी आणलं होतं. विसरलेल्या नाहीत!

गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून एकदा मागे बघितलं. बाकी काही नाही. शिक्क्यांची वही माझ्या पिशवीत आहे. अजून एक पान कोरं आहे. त्याचं काय करायचं विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या नोव्हेंबरला तू जा. नवऱ्याला ने. त्याला त्या खांबातून घाल."

३० नोव्हेंबर, रविवार

आज पोचवलं. सगळं एका गाडीत मावलं. आमचे हे खोलीच्या दारात उभे राहून ढसाढसा रडले. आई म्हणाल्या, "उंबऱ्यात उभा राहू नकोस, नर्सना अडचण होते."

मी पलंगाची चादर नीट केली. त्यांनी ती पुन्हा काढून स्वतः घातली.

१ डिसेंबर, सोमवार

पहाटे तीनला खाली आले. काल दिवसभर दुकान बंद, फरशी कोरडी. पहिल्यांदाच कोरडी बघितली.

खुंटीकडे गेले. त्या खुंटीवर चौतीस वर्षं आईंचा निळा एप्रन असायचा, आणि मी त्यांचे जुने, विटलेले घालायचे. सोयाबीनच्या दुधात निगारी, म्हणजे ते गोठवणारं खारं पाणी, ओतायचं काम खुंटीवरच्या एप्रनवालीचं. तिच्यावरच टोफू जमतो किंवा फसतो. मला त्यांनी कधी हात लावू दिला नाही. आज तिथे नवा निळा एप्रन होता, घडीच्या रेघा तशाच. काढून बघितला. आतून पांढरी पट्टी, तिच्यावर लाल दोऱ्याने, म्हाताऱ्या हाताचे वाकडे टाके : ‘कितासे सुमिए’.

उशीखाली सारलं होतं ते हे.

हे मागून आले. मी एप्रन तोंडाला धरून उभी. त्यांनी विचारलं, "बांधू का?" आणि पाठीमागे गाठ मारून दिली. वाकडी मारली. मी सोडून पुन्हा मारली.

मग निगारी ओतली. टोफू जरा घट्ट झाला. आई असत्या तर बोलल्या असत्या. त्यांच्या वतीने मीच स्वतःला बोलून घेतलं आणि दुकान उघडलं.